शर्यतीचा जोड

ज्या काट्यावर आमच्या घरी चकलीची भाजणी मोजतात, त्याच काट्यावर डिसेंबरातल्या एका रात्री मी बूट ठेवला. खाली वर्तमानपत्र घातलं होतं, तरी व्हायचं ते झालंच. "अहो, खाण्याच्या वस्तूंचा काटा आहे तो!" बूट नवा आहे, अजून रस्ता पाहिलेला नाही, असं मी म्हणालो. "मग अजून परत करता येईल," असं उत्तर आलं. वीस हजारांच्या घरातल्या वस्तूवर त्याहून जास्त चर्चा मला परवडणारी नव्हती, म्हणून मुकाट्याने पिशवीतून दुसरा जोड काढला.

एक नायकेचा वेपरफ्लाय नेक्स्ट पर्सेंट २, दुसरा आसिक्सचा मेटास्पीड स्काय. पहिला मी विकत घेतलेला. दुसरा आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या एकाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेला, नंबर चुकलेला आणि म्हणून माझ्याकडे अर्ध्या किमतीत आलेला. दोन्ही दोनशे ग्रॅमच्या आगेमागे. फरक दोन-चार वेलदोड्यांचा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत फुल मॅरेथॉन होती, हातात पाच आठवडे होते आणि पायांची जोडी एकच. त्या पाच आठवड्यांत बुटांवर जेवढं वाचलं आणि जेवढ्या लोकांशी बोललो, तेवढा अभ्यास दहावीलाही केला नव्हता.

हे बूट हातात घेतले की पहिल्यांदा फसवतात. तळवा चांगला दोन बोटं जाड, त्यामुळे वजनदार असणार असं वाटतं आणि हात उगाच वर जातो. वाकवायला गेलं तर वाकत नाहीत. आमच्या पिढीला दुकानात बूट दुमडून पाहायची सवय. दुमडला तर चांगला, नाही दुमडला तर पाय कापणार, हा वडिलांनी शिकवलेला नियम. इथे तो उलटा होतो. तळव्याच्या पोटात टाचेपासून बोटांपर्यंत चमच्यासारखी वळलेली कार्बनची पातळ पट्टी बसवलेली असते, तिच्या खाली-वर फोम. बोटानं दाबलं की फोम आत जातो आणि बोट काढायच्या आत परत येतो. शिळी इडली आणि ताजी इडली यांतला फरक ज्यांना बोटानं कळतो, त्यांना हा फोमही कळेल.

या बुटांची जन्मकथा रिओला सुरू होते. २०१६च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मॅरेथॉनचे तिन्ही पदकविजेते, एलिउड किपचोगे, फेयिसा लिलेसा आणि गॅलन रप, जे बूट घालून धावले ते तेव्हा कुठल्याही दुकानात मिळत नव्हते. वेपरफ्लायचे ते चाचणीतले नमुने होते, हे जगाला नंतर कळलं. पुढच्या वर्षी ६ मे २०१७ला इटलीत मोंझाच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर किपचोगे २ तास २५ सेकंदांत धावला. दोन तासांचा उंबरठा पंचवीस सेकंदांनी राहिला, पण बुटाचं नाव घरोघर गेलं. १२ ऑक्टोबर २०१९ला व्हिएन्नात त्याने १:५९:४० अशी वेळ नोंदवली. पुढ्यात वेग धरून देणारे गडी आळीपाळीने बदलत असल्यामुळे ती विक्रम म्हणून धरली गेली नाही. दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिगिड कोसगेईने २:१४:०४ वेळ देऊन पॉला रॅडक्लिफचा सोळा वर्षांचा विक्रम मोडला. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला मग पट्टी घेऊन बसावंच लागलं. ३१ जानेवारी २०२०ला नियम आला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरहून जाड नको, पट्टी एकापेक्षा जास्त नको.

आपल्याकडचा हिशोब मात्र निराळा. १९७८ साली जालंधरला शिवनाथ सिंग २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन धावले. अनवाणी, तळव्यांना चिकटपट्ट्या लावून धावणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. तो राष्ट्रीय विक्रम चाळीसहून जास्त वर्षं टिकला. कार्बनची पट्टी बाजारात आल्यावरही कित्येक वर्षं टिकला. ग्रुपमध्ये बुटांवरून वाद पेटला की कुणीतरी हे नाव काढतं आणि पाच मिनिटं सगळे आपापल्या लेस बांधत बसतात.

या बुटांच्या जाहिरातीत सांगतात तो चार टक्के फायद्याचा आकडा कुठून आला, हे पाहायला लागलो तेव्हा गंमत कळली. अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात वाउटर हूगकामर, रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वेगवान धावपटूंना ट्रेडमिलवर पळवलं, त्यांचा श्वास मोजला. ठरावीक वेगाला किती ऊर्जा खर्च होते ते पाहिलं. नव्या बुटात ती सरासरी चार टक्के कमी लागली. खर्च नायकेने उचलला होता, हे त्या निबंधात लिहिलेलंच आहे. तुलना उचित व्हावी म्हणून सगळ्या बुटांचं वजन सारखं करून घेतलं होतं. फोमची चाचणी वेगळी झाली: दाबताना जेवढी ऊर्जा दिली त्यातली ८७ टक्के तो परत देत होता. तुलनेला घेतलेल्या दोन बुटांत हे प्रमाण सुमारे ७६ आणि ६६ टक्के होतं. शिवाय नवा तळवा त्यांच्या जवळजवळ दुप्पट दबत होता. म्हणजे व्याजाचा दर चढा आणि ठेवही दुप्पट.

मग पट्टीचं काय? मला सगळ्यात आवडलेला प्रयोग इथे येतो. लॉरा हीली आणि हूगकामर यांनी वेपरफ्लाय घेतला आणि त्यातली पट्टी चवड्याच्या भागात आडवे सहा काप देऊन चिरली. बूट तसाच, फोम तसाच, फक्त आतला कणा मोडलेला. धावपटू त्यावर पळवले. ऊर्जेचा फरक निघाला जेमतेम अर्धा टक्का, तोही संख्याशास्त्राच्या दृष्टीने धरता येऊ नये असा. ज्या पट्टीच्या नावावर ही अख्खी जात ओळखली जाते, जिच्या नावाने दुकानदार पाच हजार वाढवून सांगतो, ती एकटी फार काही करत नाही. फोम इतका मऊ आणि उंच की त्याला ताळ्यावर ठेवायला काहीतरी ताठ लागतं, तेवढं काम ती करत असावी, असं आपलं माझं मत. वरातीत नवरा घोड्यावर बसलेला दिसतो, पण चालतो घोडाच.

आणि ते चार टक्के आमच्यासारख्यांचे नाहीतच. बोल्डरचे प्रयोग ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने झाले होते. मी मॅरेथॉनला सव्वाचार तास घेतो, म्हणजे ताशी दहा. टेक्ससमध्ये डस्टिन जुबर्ट यांनी मुद्दाम संथ वेगावर वेपरफ्लाय तपासला. ताशी १२ला फायदा सरासरी १.४ टक्के, ताशी १०ला ०.९. माझ्या सव्वाचार तासांतली सव्वादोन मिनिटं, तीही उदार हाताने मोजली तर. पाण्याच्या दोन टेबलांवर ग्लास हातात घेऊन उभा राहिलो की ती खलास. घरी हा आकडा मी सांगितलेला नाही.

तरी एकदा दोन जोड घरात आले की एक निवडायचाच असतो. ही निवड करताना मी उगाच त्यांच्या घराण्यात डोकावलो आणि आठवडाभर तिथेच रमलो. कारण हे दोघे परके नाहीत, दुरावलेले भाऊबंद आहेत. कोबे शहरात १९४९ साली किहाचिरो ओनित्सुका यांनी बुटांचा धंदा सुरू केला. बास्केटबॉलच्या बुटाला पकड येईना, तेव्हा काकडीच्या कोशिंबिरीतल्या ऑक्टोपसचे चोषक पाहून त्यांना तळव्याची नक्षी सुचली, असं त्यांच्याकडे कौतुकाने सांगतात. १९६२ साली फिल नाइट नावाचा एक अमेरिकन तरुण कोबेला येऊन त्यांना भेटला आणि १९६४पासून बिल बॉवरमन या प्रशिक्षकाच्या भागीदारीत त्यांचेच टायगर बूट अमेरिकेत विकू लागला, गाडीच्या डिकीतून. दोघांनी पाच-पाचशे डॉलर घातले होते. पुढे बिनसलं, कोर्टकचेरी झाली. १९७१ साली नाइट यांनी आपला वेगळा छाप काढला, तो नायके. ओनित्सुकांची कंपनी १९७७मध्ये आसिक्स झाली. आणि बॉवरमन यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातल्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून तळवा काढला, हे तर जगजाहीर आहे. ते पुण्यात असते तर आप्पेपात्र गेलं असतं. काट्यावरून मला बोलणी बसली त्या रात्री ही गोष्ट ठाऊक असती, तर निदान परंपरेचा दाखला देता आला असता.

भाऊबंदकीचा कळस झाला हाकोनेला. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला तोक्यो ते हाकोने आणि परत, अशी विद्यापीठांची रिले शर्यत असते. एकवीस संघ, प्रत्येकी दहा धावपटू, एकेकाच्या वाट्याला वीस किलोमीटरच्या आसपास. नवीन वर्षाच्या सुट्टीत अख्खा जपान ती टीव्हीसमोर बसून पाहतो. २०२१ साली त्या २१० धावपटूंपैकी २०१ जणांच्या पायांत नायके होते. आसिक्सचा आकडा शून्य. स्वतःच्या अंगणातल्या लग्नात आपल्याला पाटही मिळू नये, तसं. कंपनीने आधीच एक खास तुकडी कामाला लावलेली होती आणि त्याच वर्षी जे दोन बूट बाहेर आले त्यातला एक माझ्या काट्यावर होता. स्काय हा लांब टांग टाकून धावणाऱ्यांसाठी, एज हा भराभर पावलं टाकणाऱ्यांसाठी. धावणारे दोन जातींचे असतात, तेव्हा बूटही दोन हवेत, हा त्यांचा विचार. २०२२च्या हाकोनेत २४ जणांनी आसिक्स घातले.

आता मी कुठल्या जातीचा? एका पहाटे विद्यापीठाच्या आवारात एका मिनिटातली पावलं मोजली. एकशे अठ्ठ्याहत्तर, बारकी बारकी. आमचे धावण्याचे सर म्हणतात, "तुम्ही धावत नाही, घाईत चालता." म्हणजे कोबेच्या पंचांगानुसार माझी पत्रिका एजशी जुळत होती आणि घरात आला होता स्काय. अर्ध्या किमतीत पत्रिका कोण पाहतो?

दोघांची समोरासमोर तपासणीही जुबर्ट यांनी केलेली आहे. पट्टीवाले सात बूट, बारा पुरुष धावपटू, ताशी १६ किलोमीटर. साध्या शर्यतीच्या बुटाच्या तुलनेत नायकेचा अल्फाफ्लाय ३.०३ टक्के, वेपरफ्लाय नेक्स्ट पर्सेंट २ हा २.७२, मेटास्पीड स्काय २.५२. या तिघांतला फरक खरा म्हणावा इतका नाही. पट्टी असूनही दोन बुटांनी साध्या बुटापेक्षा काही वेगळं दिलं नाही, हेही त्याच चाचणीत निघालं. थोडक्यात, माझ्या काट्यावरचे दोन्ही बूट वजनाला सारखे, प्रयोगशाळेत सारखे, आणि घराणं तर एकच. उरला फरक आठ आणि पाचचा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला धावणारे ड्रॉप म्हणतात. वेपरफ्लायमध्ये तो ८ मिलिमीटर, स्कायमध्ये ५. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. पण बेचाळीस किलोमीटरमध्ये माझी पंचेचाळीस हजारांच्या आसपास पावलं पडतात, आणि टाच खाली असली की प्रत्येक पावलाला पोटरी थोडी जास्त ताणली जाते.

आमच्या ग्रुपमध्ये बँकेत काम करणाऱ्या एक बाई आहेत, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आणि वीस मिनिटांनी वेगवान. त्यांची उजवी पोटरी दोन वर्षांपूर्वी बारा आठवडे धरली होती. त्यांनी माझे दोन्ही जोड आळीपाळीने घालून पाहिले, जाड मोजे चढवून, कारण नंबर एक मोठा पडत होता. स्काय घालून दोनशे मीटर गेल्या, परत आल्या, कट्ट्यावर बसल्या आणि पोटरीवर अंगठा दाबून म्हणाल्या, "हा मला सांगतोय की तुझं जुनं दुखणं मला माहितेय." त्यांनी नंतर वेपरफ्लाय घेतला. माझं उलट झालं. लहानपण चपलांत गेल्यामुळे माझा पाय पुढे फावड्यासारखा पसरलेला आहे. स्कायमध्ये करंगळीला जागा मिळाली आणि पोटरी काहीच बोलली नाही. एकच आकडेवारी, एकच सकाळ, दोन माणसं आणि दोन निकाल.

मला मात्र आकडा हवा होता. म्हणून एका शनिवारी तीन-तीन किलोमीटरचे चार फेरे केले: वेपरफ्लाय, स्काय, स्काय, वेपरफ्लाय. हृदयाचे ठोके १४५ला बांधून ठेवायचे आणि वेळ पाहायची. वेपरफ्लाय किलोमीटरमागे चार सेकंद पुढे. पुढच्या शनिवारी क्रम उलटा केला, तर स्काय तीन सेकंद पुढे. दोन्ही दिवशी ज्याने सुरुवात केली तोच जिंकला. पहाटेच्या गारव्यातला पहिला फेरा ज्याच्या वाट्याला, तो बूट वेगवान! हे सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "शर्यतीलाही तो गारवाच पळवणार आहे. लवकर झोपा."

माणसामाणसात किती फरक पडतो याची परिसीमा मेलानी क्नॉप आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे. केनियाच्या सात जागतिक दर्जाच्या धावपटूंना त्यांनी असे तीन बूट दिले आणि जुन्या धाटणीच्या सपाट बुटाशी तुलना केली. कुणाला ११.४ टक्के फायदा, तर कुणाला ११.३ टक्के तोटा. जगातले उत्तम पाय, उत्तम बूट, आणि तरी नशिबाचा एवढा मोठा झोका. जाहिरातीतला चार टक्के हा सरासरीचा आकडा असतो, आणि सरासरी कुणाच्याच पायात बसत नाही.

ग्रुपमधल्या फिजिओ मुलीने एक गोष्ट बजावली: हे रोजचे बूट नव्हेत. २०२३मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या केसेस छापल्या. पाचही जणांच्या पायाच्या कमानीवरच्या नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाला ताणाने इजा झाली होती. पाच केसेसवरून बुटाला दोषी धरता येत नाही, पण तळवा वाकत नसला की भार जागा बदलतो, हे त्या मुलीने माझा पाय मांडीवर घेऊन, हाडावर पेनाने फुली मारून दाखवलं. ती फुली दोन दिवस गेली नाही. तेव्हापासून आठवड्याला एकदाच, तेही वेगाच्या सरावाला, एवढाच नियम पाळला.

पडलोही एकदा. चौकात नव्या पांढऱ्या पट्ट्यांवर दव होतं आणि मी वळण कापायला गेलो. एवढ्या उंच, मऊ तळव्यावर अंग एका बाजूला झुकवून वळायचं नसतं, हे डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. कुठला जोड होता ते सांगत नाही. वळण माझं होतं. कोपर सोलवटलं. समोरच्या चहावाल्याने हळद आणून दिली, आणि बुटाकडे बघून विचारलं, "स्प्रिंग आहे का आत?"

मुंबईला स्काय नेला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर पहाटेच्या अंधारात हजारो पाय उभे होते आणि मी खाली मान घालून बूट मोजत होतो. आपल्या वेगाच्या गटात इतक्या पट्ट्या पाहून थोडं हायसं वाटलं. मूर्ख ठरलो तर एकटा नव्हतो. मरीन ड्राइव्हवर पाय आपोआप पळत होते. हा टप्पा फार मोहाचा असतो. बूट आपल्याला सांगत राहतो की तू आहेस त्याहून चांगला आहेस, आणि सहाव्या किलोमीटरला ते खरं वाटतं. सी-लिंकवर वारा समोरून होता. परतीला वरळीपर्यंत उन्हाने खांदे धरले आणि पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पेडर रोडचा चढ आला. तिथे टप्प् टप्प् आवाज बदलून फटाक फटाक झाला. टाच आपटत होती. चवड्यावर धावता धावता मी टाचेवर आलो होतो, आणि ८७ टक्के काय नि ७६ काय, परत मिळायला आधी काहीतरी द्यावं लागतं. चढ अर्धा चालत गेलो. ४:०९. आदल्या वर्षीपेक्षा पाच मिनिटं कमी. पण आदल्या वर्षी उकाडा होता आणि वजन तीन किलो जास्त. बुटाच्या नावावर त्यातली किती टाकायची, हे मी अजून ठरवलेलं नाही. बँकेतल्या बाई ३:४८.

पंधरा दिवसांनी जोड धुऊन गच्चीत उलटा ठेवला तेव्हा तळवा नीट दिसला. उजव्या बुटाची टाचेची बाहेरची कड झिजून गुळगुळीत, डावा जवळजवळ नवा. मी उजवा पाय बाहेर फेकतो हे मला अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बूट हातात घेतला, तळहातावर दोनदा उडवला, मग सवयीने वाकवला. वाकला नाही. पुन्हा जोर लावला. मग अंगठ्याने तळवा दाबला, सोडला, दाबला.

"वर मऊ, आत लोखंड," ते म्हणाले.

"कार्बन आहे."

"असेल. टाका घालता येणार नाही, आरी तुटायची." त्यांनी रबराचे दोन तुकडे काढून कडेला लावून पाहिले, जाड बाजूला टाकला, पातळ ठेवला. "हा चिकटवतो. तीस रुपये. पण नुसता उजवा उंच केला तर चाल बिघडेल. डावा कुठंय?"

डावा घरी गच्चीत होता. "घेऊन या," ते म्हणाले, "दोन्ही बघून करू."